दुसऱ्याच्या हातून

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी मी वसईला काकांकडे पोहोचले, तेव्हा ते पडवीत मांडी घालून बसले होते. पुढ्यात नारळाच्या कोवळ्या झावळ्या, हातात छोटी सुरी. पात उभी चिरायची, मधली हीर काढायची, पट्टी दुमडून तिच्यात दुसरी आडवी ओवायची आणि गाठ आवळायची, की क्रूस तयार. टोपली अर्धी भरली होती. उद्याच्या मिस्सात आशीर्वाद होऊन हे क्रूस घरोघर जातील. वर्षभर तसबिरीमागे राहतील, वाळतील, आणि पुढच्या वर्षी परत गोळा होतील. त्यांचीच राख राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला लागेल.

काकांनी 31 वर्षे आमच्या धर्मग्रामाच्या ऑफिसात लिखापढी केली. बाप्तिस्मा, लग्न, मरण. गावाच्या तीन पिढ्या त्यांच्या लेखणीखालून गेल्या. मी मुंबईत नर्स आहे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. त्या दुपारी आम्ही वाद घातला. तो इथे लिहिते आहे, कारण आमच्या पिढीतली अनेक ख्रिस्ती मुले हाच वाद मनातल्या मनात घालतात आणि कुणाला न सांगता चर्चपासून दूर होतात.

सुरुवात साध्या प्रश्नाने झाली.

"उद्या सातच्या मिस्साला येशील ना?"

"नाही काका. मी रविवारी मोबाइलवर मिस्सा ऐकते. प्रवचन चांगलं असतं, गाणी चांगली असतात. इथं येऊन मन लागत नाही."

काकांनी गाठ आवळली. "मन का लागत नाही?"

"खरं सांगू? आपल्याकडे संस्काराचा समारंभ झालाय. बाप्तिस्मा वीस मिनिटांचा आणि हॉल, केटरर, फोटोग्राफर यांची तयारी दोन महिन्यांची. पहिल्या ख्रिस्तशरीराच्या दिवशी आठ वर्षांच्या पोरीला विचारा, तिला आपला झगा कितीचा ते ठाऊक असतं. ऑफिसात जावं तर फॉर्म, दाखला, झेरॉक्स. माझ्या वॉर्डात रात्री दोन वाजता एखादं बाळ श्वास धरतं, तेव्हा मला देव जितका जवळ वाटतो, तितका या सगळ्यात वाटत नाही. माझी सेवा हीच माझी मिस्सा."

"तुझी सेवा मोठीच आहे," काका म्हणाले. "पण तिला मिस्सा म्हणू नकोस. मिस्सा आपण करत नाही, आपल्याला मिळते. सेवेत तू देणारी असतेस. आठवड्यातून एक तास तरी माणसानं घेणारं व्हावं."

"घ्यायचं ते देवाकडून सरळ का नाही घ्यायचं? मधे धर्मग्राम कशाला?"

काकांनी सुरी खाली ठेवली. पुढचे ते सावकाश बोलले. ऑफिसात एखाद्याचे नाव लिहिताना बोलत तसे.

"बाय, मी इतकी वर्षं नोंदी लिहिल्या. एक गोष्ट मला पाठ झाली. सात संस्कार आहेत. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, पापकबुली, आजाऱ्याला तेल, गुरुदीक्षा आणि विवाह. यातला बाप्तिस्मा स्वतःच्या हातानं स्वतःला देता येतो का? नाही. पोप झाला तरी त्याला स्वतःचं पाप स्वतः सोडवता येत नाही. 2014 च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटरच्या बासिलिकेत सगळ्यांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले होते, आठवतं? धर्मगुरूला दीक्षा बिशप देतो, डोक्यावर हात ठेवून. लग्नात तर नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला संस्कार देते, फादर फक्त साक्षीला. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचा हात लागतो. हे देवानं मुद्दाम असं ठेवलंय, असं मला वाटतं. नाही तर प्रत्येक जण आपल्या खोलीत बसून आपापल्यापुरता ख्रिस्ती झाला असता."

"खोलीत बसून प्रार्थना करा, असं येशूनंच सांगितलंय."

"प्रार्थना खोलीत करायला सांगितली. भाकर मात्र त्यानं सगळ्यांना एकत्र बसवून मोडली."

मी थोडी गप्प झाले, पण हार मानली नव्हती. पापकबुलीचा विषय मीच काढला. आमच्या वयाच्या मुलामुलींना सगळ्यात जड जाते ती तीच. "जाळीपलीकडे बसलेल्या माणसाला माझं पाप का सांगायचं? माझ्या मैत्रिणी समुपदेशकाकडे जातात. ती बाई शिकलेली असते, तासभर ऐकून घेते, दोष देत नाही. कन्फेशनला रांगेत उभं राहून तीन मिनिटांत काय होतं?"

"समुपदेशकाकडे जायचं तर जरूर जावं. ती तुला समजून घेते. पण ती तुला क्षमा करू शकते का? तिचा तुझ्या पापाशी काय संबंध? फादरही स्वतःच्या खिशातून क्षमा देत नाहीत. ज्याची आहे त्याच्याकडची हाती देतात. आणि ऐकलेलं जिवावर बेतलं तरी बाहेर काढत नाहीत. तो नियम कुठल्याच कारणानं मोडता येत नाही. तू मला सांग, पाठीवर जखम झाली तर ड्रेसिंग कोण करतं?"

मी नर्स. याचे उत्तर मला कुणी शिकवायला नको होते. पाठीवरची जखम ज्याची त्याला दिसत नाही. पोचत असेल तरी हात वाकडा होतो, गॉज सरकतो, पट्टी सैल पडते. वॉर्डात कितीही खमका पेशंट असला तरी त्या वेळी पालथा होतो आणि पाठ आमच्या स्वाधीन करतो. तेवढ्यापुरता त्याला आमच्यावर विश्वास टाकावाच लागतो.

"दुसऱ्यालाच करावं लागतं," मी म्हटले. "पण काका, ज्याच्या स्वाधीन पाठ करायची त्याचे हात स्वच्छ असायला हवेत."

"हवेतच," काका म्हणाले. "ते मी नाकारत नाही."

त्यांनी पुन्हा सुरी उचलली. मीही एक पात घेऊन हीर काढू लागले. लहानपणी शिकलेले बोटांना आठवत होते.

"बरं, मोबाइलवरच्या मिस्सात काय चुकतं?" मी विचारले. "2020 च्या मार्चपासून सगळी चर्च बंद होती. महाराष्ट्रात दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला दारं उघडली. आठ महिने आपण सगळ्यांनी पडद्यावरच मिस्सा ऐकली ना? तेव्हा चाललं, मग आता का नाही?"

काकांचा हात थांबला. मला वाटले, मी हे विचारायला नको होते. काकी त्याच उन्हाळ्यात गेल्या होत्या.

"तेव्हा चाललं नाही," ते म्हणाले. "तेव्हा आपण सोसलं. चालणं वेगळं, सोसणं वेगळं. तुझी काकी गेली. अंत्यविधीला वीस माणसांची मुभा. मी घरात माणसं मोजली, तिच्या माहेरचे तिघे कमी केले. ज्या बाईनं गावातल्या प्रत्येक मयताला जाऊन घरच्या बायकांच्या पाठीवर हात फिरवला, तिच्या पेटीमागे वीस माणसं. संध्याकाळी पडद्यावर मिस्सा लागली. फादरांनी तिचं नाव घेतलं. मी इथंच बसलो होतो, एकटा. फादर पडद्यातून म्हणाले, एकमेकांना शांती द्या. मी कुणाला देणार होतो?"

बराच वेळ फक्त पाती चिरल्याचा आवाज येत राहिला.

"दारं उघडली त्या आठवड्यात लोक आले," ते पुढे म्हणाले. "एकेक करून, मास्क लावून, या अंगणात. कुणी केळी आणली, कुणी फुलं. बरेच जण बोललेसुद्धा नाहीत. त्यातले निम्मे मला आवडत नाहीत, तुला माहीत आहे. एकाशी माझा बांधावरून वाद आहे, तो अजून मिटलेला नाही. तोही आला. धर्मग्राम म्हणजे हेच. चर्चच्या कायद्यात धर्मग्राम साधारणपणे हद्दीनं ठरतो, त्या हद्दीत राहतो तो आपला. आवड बघून ठरत नाही. तू मोबाइलवर तुला आवडणारं प्रवचन निवडतेस. पण तुझ्या दारात दुःखाला कोण येणार, हे तुला निवडता येत नाही."

हे मला लागले. तरी माझ्याजवळ एक उत्तर होते. "त्याच मार्चमध्ये व्हॅटिकननंच कळवलं होतं ना, की धर्मगुरू मिळत नसेल आणि माणसाचा पश्चात्ताप देवाच्या प्रेमातून आलेला, खरा असेल, तर त्याला क्षमा मिळते? म्हणजे दुसऱ्याच्या हाताशिवायही देव क्षमा करतो."

"करतो. देव संस्कारांना बांधलेला नाही, संस्कार आपल्यासाठी आहेत. पण त्याच पत्रात पुढची अट होती. जमेल तितक्या लवकर कन्फेशनला जायचा पक्का निश्चय हवा. म्हणजे वाट बंद असेल तर देव थांबत नाही. वाट उघडल्यावर मात्र आपण चालायला हवं."

तेव्हा मी त्यांना ती गोष्ट सांगितली. आठ महिने मी ती घरात कुणाला सांगितली नव्हती.

गेल्या पावसाळ्यातली रात्र. सव्वीस आठवड्यांत जन्मलेली मुलगी, वजन 900 ग्रॅमच्या आत. व्हेंटिलेटरवर होती आणि ऑक्सिजनचा आकडा सारखा खाली जात होता. आई दुसऱ्या मजल्यावर, सिझेरियन झालेले, उठता येत नव्हते. बाप काचेच्या दाराबाहेर उभा. झारखंडहून बांधकामावर कामाला आलेला मुलगा, पंचविशीही नसेल. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून त्याने हात जोडले. म्हणाला, सिस्टर, आम्ही कॅथलिक आहोत, फादरला बोलवा. बाहेर धो धो पाऊस, अडीच वाजलेले. मी दोन फोन लावले, उचलले गेले नाहीत. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हाला कळतो.

मी हात धुतले. स्टराइल वॉटरची अँप्यूल फोडली, दोन मिलीच्या सिरिंजमध्ये पाणी ओढले, तळहातात धरून कोमट केले. इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात आत घातला. तिचे कपाळ माझ्या अंगठ्याच्या नखाहून थोडेसेच मोठे होते. पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे नाव घेत तीन वेळा पाणी सोडले. थेंब कपाळावरून कानामागे ओघळला, तो मी गॉजने टिपला. दारातल्या बापाला विचारले, नाव काय ठेवायचे? त्याने आपल्या आईचे नाव सांगितले.

"मूल जगलं, काका. अडीच महिन्यांनी घरी गेलं. आणि मला त्या रात्री कळलं, की संस्काराला ना फादर लागतो, ना चर्च, ना कागद. पाणी लागतं आणि देण्याचं मन लागतं."

काकांनी क्रुसाची खूण केली. त्यांचे डोळे भरले होते. "बरोबर केलंस. जीव धोक्यात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, चर्चला जे अभिप्रेत आहे ते करायचा त्याचा हेतू असला की पुरे. तो बाप्तिस्मा पूर्ण आहे. पुन्हा कुणी द्यायचा नाही. चर्चमध्ये फक्त राहिलेले विधी करायचे. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती."

"तेच तर सांगते. त्याच राहिलेल्या विधींसाठी ते दोघं शहरातल्या एका चर्चमध्ये गेले. ऑफिसात विचारलं, तुमच्या लग्नाचा दाखला कुठाय? लग्न गावाकडं झालेलं. गावाकडच्या चर्चमधून कागद मागवा म्हणाले. फोन करून झाले, पत्र पाठवून झालं. मग विचारलं, बाप्तिस्मा झालाच याला पुरावा काय? ते दोघं रविवारचा खाडा करून तीनदा गेले. चौथ्यांदा गेले नाहीत. त्यानं मला फोन करून विचारलं, सिस्टर, आमच्या पोरीचा बाप्तिस्मा खरा आहे ना? काका, त्या मुलानं मला हे विचारलं तेव्हा मला लाज वाटली. 2014 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी सिस्टीन चॅपेलमध्ये मुलांना बाप्तिस्मा दिला, त्यात एका मुलाच्या आईबापाचं लग्न चर्चमध्ये झालेलंच नव्हतं. पोपला दाखला लागला नाही. आपल्या ऑफिसाला लागतो."

मला वाटले, काका ऑफिसाची बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही.

"चुकलं त्यांचं. मुलाच्या बाप्तिस्म्याला आईबापाच्या लग्नाची अट नाही. कायदा इतकंच विचारतो, की आईबापांपैकी एकाची तरी संमती आहे का, आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी आशा धरायला जागा आहे का. पावसात हात जोडून फादर मागणारा बाप. याहून मोठी आशा कुठली?" मग ते थांबले. "पण मला एक सांग. त्या रात्रीनंतर तू कळवलंस का?"

"कुणाला?"

"हॉस्पिटल ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत येतं, तिथल्या मुख्य धर्मगुरूंना. कॅनन कायद्याचं 878 वं कलम आहे. फादर नसताना ज्यानं बाप्तिस्मा दिला, मग तो कुणीही असो, त्यानं तिथल्या धर्मगुरूंना कळवायचं, म्हणजे ते रजिस्टरात नोंद करतील. पुराव्याला भरवशाच्या एका साक्षीदाराचं निवेदन पुरतं. तो साक्षीदार तूच आहेस."

मी उत्तर दिले नाही. मी कळवले नव्हते. मला वाटले होते, ती गोष्ट त्या बाळाची, माझी आणि देवाची. ती कागदावर उतरवली तर तिची किंमत कमी होईल, असेही कुठेतरी वाटले होते. त्या मुलाच्या तीन फेऱ्यांना ते ऑफिस जितके कारण होते, तितकी माझी ही समजूतही कारण होती.

काका माझ्याकडे बघत नव्हते. हातातल्या पातीकडे बघत होते.

"तुला मी बोलतोय खरा," ते म्हणाले, "पण माझंही ऐक. खूप वर्षांपूर्वी एक मुलगी ऑफिसात आली. कडेवर मूल. फादर बाहेरगावी होते. बाप्तिस्मा करायचाय म्हणाली. मी फॉर्म पुढे केला. बापाच्या नावाचा रकाना तिनं तसाच ठेवला. मी म्हटलं, आधी हे भरून आण, मग बघू. ती काही बोलली नाही. फॉर्म घडी करून टेबलावर ठेवला आणि गेली. त्या वेळीही कायदा हाच होता. बापाचं नाव नसेल तर आईचं लिहा, मूल अडवू नका. मला माहीत होतं. रकाना रिकामा दिसला आणि माझ्यातला कारकून पुढं झाला. ती परत आली नाही. तिचं मूल आता तुझ्या वयाचं असेल. मी ते कन्फेशनला सांगितलं, क्षमाही मिळाली. पण त्या वर्षाचं रजिस्टर आजही उघडलं, तर जी नोंद तिथं नाही ती मला दिसते."

काकांना मी लहानपणापासून पाहते आहे. त्यांनी कधी कुणाचा कागद हरवला नाही, कधी नावात चूक केली नाही. त्या एका न लिहिलेल्या ओळीचे ओझे ते इतकी वर्षे वाहत असतील, हे मला माहीत नव्हते.

"मग कागद आधी की माणूस आधी?" मी हळूच विचारले.

"आपल्या गोन्सालो गार्सियांची गोष्ट तुला ठाऊक आहे," काका म्हणाले. "आपल्या वसईत जन्मले, 1597 साली नागासाकीला क्रुसावर मेले, 1862 साली संत झाले. पण त्यापुढची गोष्ट प्रवचनात फारशी येत नाही. पुढं जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. सगळे धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. दोनशेहून जास्त वर्षं त्या देशातल्या ख्रिस्ती गावांना एकही फादर नव्हता. 1865 साली नागासाकीच्या औरा इथं नुकत्याच बांधलेल्या चर्चमध्ये काही खेडूत आले आणि फ्रेंच धर्मगुरूंना दबक्या आवाजात म्हणाले, आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे. ते चर्च कुणाच्या नावाचं होतं? नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांच्या. म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही."

"म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरतं. फादर नाही, चर्च नाही, दोनशे वर्षं श्रद्धा टिकली. फक्त पाण्यावर."

"पाण्यावरच. पण ते पाणी कसं टिकलं ते बघ. त्या लपलेल्या गावांत माणसं नेमलेली असायची. एक बाप्तिस्मा देणारा. त्याला ते मिझुकाता म्हणायचे, म्हणजे पाण्याचं काम बघणारा. आणि दुसरा चोकाता, म्हणजे वही सांभाळणारा. सणांच्या तारखांचं पंचांग त्याच्याकडं. कधी उपास, कधी नाताळ, तो सांगणार. ती वही सापडली असती तर जीव गेला असता, तरी त्यांनी ती सोडली नाही. पाणी देणारा एक आणि वही ठेवणारा एक, अशी दोघं मिळून त्यांनी धर्मग्राम जिवंत ठेवला. वही माणसाला अडवण्यासाठी नव्हती, काही विसरलं जाऊ नये म्हणून होती. आमच्या रजिस्टराचं कामही तेच होतं. मी त्या मुलीला ते दार म्हणून दाखवलं, आणि दार लावून घेतलं."

ऊन कलले होते. घरामागच्या बावखलाच्या पाण्यावरून गार वारा आला. चर्चमधली संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. आम्ही दोघे तिच्या वेळेपुरते थांबलो.

आमचा वाद तिथे मिटला, असे मी म्हणणार नाही. पहिल्या ख्रिस्तशरीराला झग्याची चढाओढ चालते, वर्गणी मोठ्याने वाचली जाते, गरीब माणूस ऑफिसच्या पायरीवर चाचरतो. हे मला आजही खटकते आणि ते मी धर्मग्रामाच्या सभेत उभी राहून बोलणार आहे. संस्कारासाठी ठरलेल्या अर्पणाहून जास्त मागू नये आणि गरिबीमुळे कुणी संस्कारावाचून राहू नये, असे चर्चचा कायदाच सांगतो. त्याची आठवण करून द्यायला बिशप व्हावे लागत नाही. काकांचे म्हणणेही बदललेले नाही. रविवारी सातला माणसाने आपल्या माणसांत असावे, पडद्यासमोर नसावे.

पण एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. देवाची कृपा आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या हातून येते, हे काकांचे म्हणणे खरे असेल, तर त्या हाताची जबाबदारी केवढी आहे! तो हात फादरांचा असेल, कारकुनाचा असेल, नर्सचा असेल. तो मिटला तर समोरच्याची वाट बंद होते. त्या मुलीपुढे काकांनी तो हात मिटला होता. त्या बाळाला पाणी देऊन मी अर्ध्यावर काढून घेतला होता. चर्चला नावे ठेवणारे आणि चर्च सांभाळणारे, आम्ही दोघेही त्यातच येतो.

"कागद आण," काका म्हणाले. "फुलस्केप. मी सांगतो तसं लिही."

मी आतून कागद आणि पेन आणले. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. बाळाचे नाव. जन्मतारीख. बाप्तिस्म्याची तारीख आणि वेळ. ठिकाण. वडिलांचे नाव. आईचे नाव. जिवाला धोका असल्यामुळे धर्मगुरूंच्या अनुपस्थितीत पाण्याने बाप्तिस्मा दिला. साक्षीला बाळाचे वडील. रजिस्टरात जसे रकाने असतात, त्याच क्रमाने. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना एकही रकाना आठवावा लागला नाही.

"आणि शेवटी, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव."

"फादरांचं?"

"नाही. तुझं."

मी माझे नाव लिहिले. ड्यूटीच्या रजिस्टरात, औषधांच्या चार्टवर, दिवसातून पन्नास वेळा मी सही करते. त्या दिवशी हात थोडा थरथरला. रजिस्टरातल्या शेजारच्या नोंदींत त्या रकान्यात धर्मगुरूंची नावे असतात. त्यांच्या रांगेत आता एका नर्सचे नाव बसणार होते, आणि त्या मुलीला उद्या कुणी विचारले, तुझा बाप्तिस्मा कुणी दिला, तर तिला सांगता येणार होते.

"डावीकडं समास सोड," काका म्हणाले. "रुंद सोड. रजिस्टरात तो मुद्दाम ठेवतात. तिचं दृढीकरण होईल, लग्न होईल, कदाचित ती व्रत घेऊन सिस्टर होईल. ती जगात कुठंही असली तरी तिथलं चर्च या पहिल्या चर्चला कळवतं, आणि तिच्या नावाशेजारी या समासात ते लिहिलं जातं."

मी समास सोडला. मग त्या मुलाला फोन लावला. तो कामावर होता, मागे मिक्सरचा आवाज येत होता. मी सांगितले, बाप्तिस्मा खरा आहे. राहिलेल्या विधींसाठी ईस्टरनंतरच्या रविवारी जायचे आहे, मुलीला आणि तिच्या आईला घेऊन ये, या वेळी मी सोबत येते आणि कागद माझ्याकडे आहे.

काकांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्याकडे दिला.

"मीपण येतोय," ते त्याला म्हणाले. "ऑफिसात मी बोलेन."

फोन ठेवून त्यांनी टोपलीतला एक क्रूस उचलला, हीर नीट निघाली आहे का ते अंगठ्याने चाचपून पाहिले आणि माझ्या कागदावर ठेवला, तो वाऱ्याने उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सातला मी त्यांच्या शेजारी उभी होते. मिस्सात शांती देण्याची वेळ आली. पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळला. बांधाच्या वादातला तोच. त्याने आधी काकांना हात दिला, मग मला.